कासव येतं नोव्हेंबरात, पैसा येतो मार्चात

पत्र:

ताई, मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली, वय २९, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गावाचं नाव छापू नका प्लीज. आमच्याकडे ६ वर्षं ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं काम चालतं. मला कॉम्प्युटर येतो म्हणून मला खजिनदार केलं. मंडळ रजिस्टर नाही. एका कासवमित्राचं (पहाटे गस्त घालून घरटी जपणाऱ्याचं) मानधन वनखात्याकडून येतं, दुसऱ्याचं ९,००० आणि बदलीच्या पोराचं ४,५०० महिन्याला आम्ही देतो. हॅचरीच्या (अंडी आणून जपायच्या जागेच्या) बोर्डावर माझाच क्यूआर लावलाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमा २३,०००, खर्च ८८,०००. माझे ४३,००० अडकलेत, दोघांचा फेब्रुवारीचा पगार राहिलाय, हार्डवेअरवाल्याचे ८,५०० उधार. एका कंपनीने बोर्ड आणि टी-शर्ट दिले, दीड लाख देतो म्हणाले, आता म्हणतात डॉक्युमेंट पाठवा मग बघू. न्यू जर्सीचा मावसभाऊ डॉलर पाठवतो म्हणतोय. आणि परवा गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'कासवांच्या पैशात स्कूटी आली वाटतं'. स्कूटी माझ्या नवऱ्याने लोनवर घेतलीये हो. या शनिवार-रविवारी पाहुण्यांकडून १९,००० जमलेत, त्यातून आधी माझे काढून घेऊ का? आणि हे खजिनदारपद सोडू का?

– हिशोबात बुडालेली

उत्तर:

अगं बाई, सगळ्यात आधी एक काम केलं मी. तुझं पत्र वाचून चहा बाजूला ठेवला आणि कॅल्क्युलेटर घेतला. बँकेत २६ वर्षं काढली की ही खोड जात नाही. ८८ मधून २३ गेले, ६५ हजार कमी पडले. तुझे ४३, दोघांचे मिळून साडेतेरा, हार्डवेअरवाल्याचे साडेआठ. बेरीज कर. पासष्ट. रुपयाला रुपया ताळा जमलाय, तोसुद्धा रजिस्टर नसलेल्या मंडळात, वहीवर, दुकानात गिऱ्हाईक करता करता. ज्याने पैसे खाल्लेत त्याच्या हिशोबात ताळा असा पत्रात सहज लिहिल्यासारखा जमत नाही, त्याचं नेहमी 'किरकोळ खर्च' म्हणून एक गलेलठ्ठ पोट सुटलेलं असतं. तेव्हा स्कूटीवाल्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

पण त्याला तसं बोलायला जागा कोणी दिली? तूच दिलीस. क्यूआर तुझा, खातं तुझं, त्याच खात्यात दुकानाचे पैसे, त्यातूनच स्कूटीचा हप्ता. तू कितीही खरी असलीस तरी बाहेरून बघणाऱ्याला कसं कळणार यातला कुठला रुपया कासवाचा आणि कुठला झेरॉक्सचा. आणि गावाचं सोड, उद्या इन्कम टॅक्सवाल्याने विचारलं की या खात्यात मार्चमध्ये एवढे पैसे कुठून आले, तर 'ते कासवांचे आहेत साहेब' हे उत्तर कागदाशिवाय चालत नाही. तो क्यूआर आजच्या आज काढ, बोर्डावर पांढरा कागद चिकटव.

मंडळाच्या नावाने खातं लगेच उघडणार नाही, रजिस्ट्रेशन आणि पॅन नसल्यावर बँक दारात उभं करत नाही. मग तोपर्यंत काय, तर तिघांच्या नावाने एक वेगळं जॉइंट सेव्हिंग खातं उघडा. तू, एखादा होमस्टेवाला आणि तिसरा मुद्दाम असा माणूस घे जो तुमच्यावर टीका करतो. हो, स्कूटीवाला चालेल. फॉर्मवर ऑपरेशनच्या रकान्यात 'एनीवन ऑर सर्व्हायवर' वर (म्हणजे कोणीही एकटा पैसे काढू शकतो) टिक करू नका, काउंटरवरची पोरं घाईत तेच करून टाकतात, तिथे स्पष्ट 'जॉइंटली' लिहा. पैसे काढायला सगळ्यांच्या सह्या लागू देत. त्रास होईल, तिसरा माणूस नेमका लग्नाला गेलेला असेल, पण तुझी झोप परत येईल. हा तात्पुरता टेकू आहे एवढं मात्र लक्षात ठेव.

आता मूळ दुखणं. तुमच्याकडे पैसा कमी आहे हे खरंय, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो चुकीच्या महिन्यात येतो. मादी नोव्हेंबर-डिसेंबरात वाळूवर चढायला लागते, शंभर-सव्वाशे अंडी घालून निघून जाते, अंडी ४५ ते ६० दिवसांनी फुटतात. म्हणजे पहाटे चार-पाचला टॉर्च घेऊन माग काढत चालायचं काम नोव्हेंबरपासून सुरू, काठी टोचून घरटं शोधायचं, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी पोचायचं, बादलीत त्याच घरट्याची वाळू घालून अंडी हॅचरीत आणायची, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, सगळं थंडीत. तेव्हा किनाऱ्यावर एक पाहुणा नसतो. पाहुणा येतो पिल्लं बघायला, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. दुकानदार असतीस तर (आहेसच की!) म्हणाली असतीस, माल दिवाळीत भरला, विक्री शिमग्यात. अशा धंद्याला भांडवल लागतं, आणि तुमचं भांडवल कोण झालं? तू, तो दुसरा कासवमित्र, बदलीचा पोरगा आणि हार्डवेअरवाला. चौघांनी मिळून बिनव्याजी ६५ हजार घातलेत. हा जो ६५ चा आकडा आहे ना, तो लिहून भिंतीवर लाव, कारण पुढच्या ऑक्टोबरला एवढे पैसे खात्यात पडून असतील तरच सीझन सुरू करायचा.

पत्रासोबत तू जे आणखी लिहून पाठवलंयस (ते इथे छापलं नाही), त्यातल्या आकड्यांवरून पुढचंही करून बघितलं. मार्च ते मे दोघांचे पगार साडेचाळीस हजार, पेट्रोल साडेचार, कासव महोत्सवाचा मांडव-जेवण-बॅनर २५ हजार असं तू त्यात लिहिलंयस, एकूण ७०. मागचे देणे २२. म्हणजे ९२ लागणार. गेल्या वर्षी मार्चला ७१ आणि एप्रिलला ३८ आले होते म्हणतेस, तेवढेच यंदा आले तर १ लाख ९ हजार. उरले १७. आणि तुझे येणे आहेत ४३. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी सीझन संपताना २६ हजारांचा खड्डा आहे, आणि तो नेमका तुझ्या डोक्यावर आहे. हे कंपनीचे दीड लाख आत्ता विसरून जा, सांगते का ते.

हा खड्डा भरायचा कुठून? गेल्या वर्षी ६०० पाहुणे राहून गेले तुमच्या गावात. कासवांसाठी आले ना ते? मोदकांसाठी नाही आले, मोदक त्यांना पुण्यातही मिळतात. मग होमस्टेवाल्यांनी माणशी ५० रुपये कासवखात्यात टाकायला काय हरकत आहे, पाहुण्याच्या बिलातच वेगळी ओळ दाखवून, 'किनारा गस्त – ५० रु.'. सहाशे गुणिले पन्नास, तीस हजार. खड्डा भरून चार हजार वर. होमस्टेवाले कुरकुरतील, आमचे गॅसचे दर बघा म्हणतील, त्यांना एवढंच विचार की पोरगं पहाटे चालायचं थांबलं तर पुढच्या मार्चला तुमच्याकडे कोण येणार. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, पुढे महोत्सव उभा राहिला आणि घराघरात पाहुणे उतरायला लागले, तेव्हा कुठे गावाला कासवात आपला फायदा दिसला. (गंमत बघ, वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळगाव, आणि फडणीस म्हणजे हिशोबाचं दफ्तर सांभाळणारा माणूस. तुझ्या पदाला किनाऱ्यावर जुनी परंपरा आहे.) फक्त पाहुण्यांना 'पिल्लं दिसणारच' असं लिहून देऊ नका, नाही दिसली की पैसे परत मागतात आणि मग पिल्लू बाहेर काढायला घरटं उकरायचा मोह होतो, तो प्रकार नकोच. कासव वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातलं आहे, परवानगी वनखात्याची, आपण मदतनीस.

खर्चाचं बघू. लोक मला लिहितात खर्च कमी कसा करायचा, आणि सगळ्यांची कात्री पहिली पगारावर चालते. तुमच्याकडेही तेच झालं, मांडवाचे २५ कोणी कमी केले नाहीत, पोराचे साडेचार थांबवले. अगं, तुमचा प्रकल्प म्हणजेच तो पोरगा आहे! बोर्ड, टी-शर्ट, सेल्फी पॉइंट नसला तर कासवाचं काही अडत नाही. देणगी देणाऱ्याला मात्र फोटोत येईल अशी वस्तू द्यायची असते, पहाटे साडेचारला चालणाऱ्या पायांवर लोगो छापता येत नाही ना. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'काय देऊ' विचारलं तर वस्तूंची यादी देऊच नकोस, सांग, 'एका कासवमित्राचा एक महिना ९,००० रुपये, तुम्ही कुठला महिना घेता?' डिसेंबर मुंबईच्या मंडळाचा, जानेवारी अमक्या कुटुंबाचा, वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून. चाकरमान्यांना हे पटतं, देवळाच्या अन्नदानासारखं आहे ते. आणि मांडवाचा खर्च यंदा निम्मा कर, शाळेच्या पडवीत बसवा लोकांना.

हिरवी शेडनेट मात्र कापू नकोस हं. कोणीतरी म्हणेल ती शोभेची आहे. वाळू जास्त तापली की माद्याच माद्या निघतात, आणखी तापली तर पिल्लं अंड्यातच जातात, तिथे वाचवलेले पैसे महागात पडतील.

कंपनीचे दीड लाख. हे तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही म्हणून जरा लांबण लावते. कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठा नफा असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, त्यालाच सीएसआर म्हणतात, त्यात वन्यजीव-पर्यावरण बसतं. पण हा पैसा कोणालाही देता येत नाही. घेणाऱ्या संस्थेकडे १२ए (संस्थेला करमाफीची आयकर नोंदणी) पाहिजे, ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) पाहिजे, १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नंबर पाहिजे, आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. तुमच्याकडे यातलं काय आहे? अनुभव आहे, पण कागदावर तोही नाही, कारण मंडळच कागदावर नाही. ते टी-शर्ट बहुतेक जाहिरातीच्या बजेटातून आलेले असणार. ती माणसं वाईट आहेत असं नाही, ज्याने 'देतो' म्हटलं त्याला तरी हे माहीत होतं का कोण जाणे. पण हा पैसा तुमच्या हातात थेट येणार नाही, म्हणून तो बजेटात धरायचाच नाही. माझा साधा नियम आहे, जमेच्या बाजूला तेच लिहायचं जे पासबुकात छापून आलंय.

मार्ग आहे, थोडा वळसा आहे. आधीपासून रजिस्टर असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत कंपनीने पैसे द्यायचे, काम तुम्ही करायचं, तिघांमध्ये लेखी करार. संस्था व्यवस्थापनाचे काही टक्के घेईल, ते आधी ठरवा, नंतर तोंड वाकडं करू नका. आणि बजेट लिहिताना वस्तूंऐवजी पगार लिहा. आता यात एक मेख आहे. सीएसआरचा पैसा मुदत ठेवीत टाकून कायमचा निधी करता येत नाही, तो ठरल्या कामावर खर्चच दाखवावा लागतो, शेवटी युटिलायझेशन सर्टिफिकेट मागतात. म्हणजे तुझे ते भिंतीवरचे ६५ हजार कंपनीच्या पैशातून बाजूला ठेवता येणार नाहीत. पण कंपनीने पगार उचलले तर गावाचा स्वतःचा जो पैसा वाचेल, पाहुण्यांचे पन्नास-पन्नास, महिन्याच्या देणग्या, तो मंडळाचा आहे, तो ठेव. कळलं ना, बांधलेला पैसा रोजच्या खर्चाला वापरायचा आणि मोकळा पैसा साठवायचा. बहुतेक मंडळं नेमकं उलटं करतात, मोकळा पैसा हाताशी असतो म्हणून आधी तो उडवतात आणि बांधलेल्या पैशाची वाट बघत बसतात.

मावसभावाला आजच फोन कर आणि विचार, पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्ट असेल, नुसता तिकडे नोकरीला असेल, तर त्याची स्वतःची बचत बँकेतून रीतसर आली तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी लागते, आणि ते मिळवायला साधारण तीन वर्षं जुनी संस्था, १५ लाखांचा खर्च झालेला, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं, असलं सगळं प्रकरण आहे. 'तुझ्या खात्यावर टाकतो, तू दे त्यांना' म्हणेल, प्रेमाने म्हणेल, ऐकू नकोस. त्यापेक्षा त्याला म्हण, चार मित्र घेऊन मार्चमध्ये ये, आठवडाभर राहा, होमस्टेचं पूर्ण बिल भर.

रजिस्ट्रेशन करा, पण घाईत नको. सात माणसं लागतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि आपल्याकडे त्याबरोबर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीकडे नोंद. मग दरवर्षी चॅरिटी कमिशनरकडे हिशोब, सीए, १२ए-८०जी चे अर्ज आणि त्यांची रिन्यूअल. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलतात, तेव्हा यूट्यूब बघून भरू नकोस, सीएला विचार.) लोकांना वाटतं रजिस्टर झालं की झालं. आमच्या इथल्या एका वाचनालयाची मी खजिनदार होते, अध्यक्ष वारले, नवे निवडले, पेढे वाटले, पण चेंज रिपोर्ट ९० दिवसांत टाकायचा असतो तो कोणी टाकलाच नाही, मीही नाही. नऊ वर्षांनी ग्रँटसाठी कागद काढले तर रेकॉर्डवर अध्यक्ष जिवंत! त्यांची सही आणायला कुठे जाणार. तेव्हा ज्यांना कागदाचा कंटाळा नाही अशी सात माणसं सापडेपर्यंत थांबा. दरम्यान ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का बघ, २००२ च्या कायद्याने ती असायला हवी, तिला स्वतःचा निधी ठेवता येतो. तुमच्याकडे ती नुसती बोर्डावर असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आधीचे ग्रामसेवक) जाऊन बस.

एक छोटी गोष्ट राहिली. कोळी मंडळींना जाळ्यात कासव अडकलं आणि जाळं कापून सोडलं तर सरकारकडून २५,००० पर्यंत भरपाई मिळते, २०१८ च्या डिसेंबरपासून योजना आहे, फोटो-व्हिडिओ लागतात. तू लिहिलंयस की काही जण म्हणतात 'ते पैसे मंडळाकडे येतात'. फॉर्म भरून दे, फोटो अपलोड करून दे, तुझं दुकानच आहे त्याचं, पण तो पैसा मंडळाच्या खात्यातून एकदाही फिरवू नकोस. ज्याचं जाळं त्याच्या खात्यात.

पद सोडू का विचारतेस. आत्ता नको. आत्ता सोडलंस तर स्कूटीची गोष्ट कायमची खरी होईल. शिमगा तोंडावर आलाय, मुंबईकर येतील, पालखी सहाणेवर (तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर) बसली की गावकीचा जमाखर्च वाचतात ना तुमच्याकडे? मानकऱ्यांना सांगून त्याच बैठकीत दहा मिनिटं माग. माइक नको, पीपीटी तर अजिबात नको. वही घेऊन उभी राहा आणि वाच, जमा २३, खर्च ८८, पगार ५४, हॅचरी २२, पेट्रोल ६, टॉर्च-सामान ६. मग वाच, 'खजिनदाराकडून हातउसने ४३,०००'. ही ओळ मोठ्याने वाच आणि थांब. लाजू नकोस. तुझे पैसे देणगी नाहीत, उसने आहेत, वहीत तारखेसकट तसेच लिही, नाहीतर दोन वर्षांनी तुलाच कोणी म्हणेल ते तू प्रेमाने दिले होतेस. आणि तिथेच सांग, शिमगा ते शिमगा हिशोब वाचणार, पुढच्या वर्षी दुसरा खजिनदार, मी त्याला शिकवेन.

राहिले ते १९ हजार. तुझे आधी नाही. साडेतेरा हजार त्या दोघांना दे, उरलेले साडेपाच हार्डवेअरवाल्याला, त्याचे तीन बाकी राहतील तेवढं तो थांबेल. तुझी पाळी त्याच्यानंतर, मार्चअखेरपासून हप्त्याने. कासवमित्राला ९,००० देताना व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घे, पाच हजारांच्या वर लागतो. पोराचे ४,५०० आहेत, त्याला स्टॅम्प नको, पण सही त्याचीही घे, आणि फेब्रुवारीचे आहेत असं स्पष्ट लिही.